लेन्सची बांगडी

राजुऱ्याहून भाच्याचा फोन आला. "मावशी, मिररलेस कॅमेरा घेऊन राह्यलो. लेन्स कोनता घेऊ?"

अरे बाबा, मी मराठीची बाई. समास विचार, अलंकार विचार, पोरीच्या बारशाला नाव विचार. लेन्स मला काय विचारतोस? पण हे असंच चालत आलं आहे. कारण काय, तर स्टाफरूममध्ये माझी खुर्ची दुर्गे सरांच्या खुर्चीला लागून होती. लोकांना वाटतं, सरांचं सगळं ज्ञान त्या खुर्चीच्या दांडीतून माझ्यात उतरलं. सर जाऊन वर्ष होत आलं तरी फोन थांबत नाहीत. शाळेची ऑनलाइन माहिती भरून भरून आधीच जीव मेटाकुटीला आलेला, त्यात हे. चिडूनच बोलणार होते, पण तोंडातून भलताच शब्द बाहेर पडला. "थांब," म्हटलं मी. आणि फोनच ठेवून दिला.

कारण तो शब्द माझा नाही. तो सरांचा.

दुर्गे सर विज्ञान शिकवायचे. उंच, सडपातळ, खांद्यात जरा वाकलेले, आणि शर्टाचा खिसा कायम फुगलेला. कॅमेरा घ्यायचा म्हणून तालुक्यातला कुणीही माणूस चामोर्शीला यायचा तो आधी आमच्या शाळेत. सर त्याला बाकावर बसवायचे, माठातलं पाणी द्यायचे आणि विचारायचे, "काढणार काय?"

दहातले नऊ जण छाती पुढे काढून म्हणायचे, "वाघ."

"वाघ पाहाले वर्षातून एक डाव जाता. बाकीच्या दिवसाईत काय काढणार?"

मग तो माणूस गडबडायचा. पोरं, म्हातारी आई, साळ्याचं लग्न, शेतातली बैलं असं एकेक बाहेर निघायचं. सर हळूहळू त्याला त्या तोफेएवढ्या लेन्सवरून खाली उतरवून एखाद्या साध्या पन्नास एमएमच्या लेन्सवर आणून ठेवायचे. अंधाऱ्या घरात, चुलीजवळ बसलेल्या आईचा फोटो निघेल अशा. आणि तो बिचारा समाधानाने उठायला लागला की सर बोट वर करायचे.

"पन थांबा. दिवाळीनंतर नवीन मॉडेल येऊन राह्यलं."

पोरं त्यांना 'थांबा सर' म्हणायची. पालकसुद्धा फाटकाशी येऊन विचारायचे, "थांबा सर हायेत का?" इतरांचं ठीक होतं. लोक दोनदा थांबायचे, तिसऱ्यांदा कंटाळून घेऊन टाकायचे. सर मात्र स्वतःचं सगळं ऐकायचे. त्यामुळे अख्ख्या तालुक्याला कॅमेरे निवडून देणाऱ्या या माणसाकडे स्वतःचा कॅमेरा नव्हता!

कॅमेरा नव्हता, बाकी सगळं होतं. कॅमेऱ्याची बॅग होती, तिच्यातून ते डबा आणायचे. धूळ उडवायचा रबरी फुगा होता. माझ्या हजेरीपटावर खडूची पूड पडली की खिशातून तो फुगा काढून फुस्स करून उडवायचे. लेन्स पुसायच्या मऊ फडक्याने चष्मा पुसायचे. पावसाळ्यात इकडची हवा अशी की लोणच्याच्या बरणीला बुरशी येते, मग लेन्सला का नाही येणार? म्हणून ते औषधांच्या आणि बुटांच्या डब्यांतल्या त्या ओल शोषणाऱ्या पुड्या जमवायचे. नसलेल्या लेन्ससाठी! मी एकदा म्हटलं, "सर, आधी लग्न, मग बारसं, असा काही क्रम असतो की नाही?" ते म्हणाले, "मॅडम, लेन्स आनली आन् पुडी नसली तं?" कपाळाला हात लावून मी वह्या तपासायला घेतल्या.

ट्रायपॉडही होता. त्याचा पहिला उपयोग सिस्टरनी केला.

सिस्टर म्हणजे सरांची बायको, शालिनीबाई. आरोग्य उपकेंद्रात नर्स. गावोगावची माणसं त्यांना सिस्टर म्हणतात, आणि ऐकून ऐकून सरही चारचौघांत त्यांना सिस्टरच म्हणायला लागले होते. "आमच्या सिस्टर येऊन राह्यल्या," असं स्वतःच्या बायकोबद्दल म्हणणारा दुसरा नवरा मी पाहिला नाही. नवीन माणूस हमखास फसायचा. एका बदलून आलेल्या ग्रामसेवकाने वर्षभर त्यांना भाऊ-बहीणच समजून सरांना सांगितलं होतं, "तुमच्या बहिणीचा स्वभाव चांगला आहे हो."

तर उपकेंद्रात तापाची साथ होती, सलाईनचा स्टँड मोडला होता. सिस्टर दुपारी घरी आल्या, कोपऱ्यातला ट्रायपॉड उचलला आणि स्कूटीवर आडवा टाकून घेऊन गेल्या. त्याला बाटली टांगून कितीतरी जणांना सलाईन लावलं. साथ सरली तेव्हा ट्रायपॉड परत आला, त्याच्या एका पायाला चिकटपट्टी लागलेली होती. सर तो पाय किती दिवस पाहत होते. सिस्टरच म्हणाल्या, "कोनाच्या कामी तं आला. तुमचा कॅमेरा येईपर्यंत तो काय उपाशी उभा राहन?"

चंद्रपूरचे करीमभाई सरांना जवळजवळ घाबरायचे. त्यांचं कॅमेऱ्याचं दुकान. महिन्यातले दोन रविवार सर मूल गावावरून एसटीने चंद्रपूरला जायचे, करीमभाईंचे सगळे कॅमेरे हातात घेऊन पाहायचे, समोरच्या पानठेल्यावर नेम धरायचे, चहा प्यायचे आणि रिकाम्या हाताने परत यायचे. मी एकदा सोबत होते. करीमभाई मला म्हणाले, "मॅडम, सर पाहून पाहून मेरे कॅमेरे बुढे हो जाते. पन काय करू, अर्धे गिऱ्हाईक तेच पाठवतात."

आरशाचे कॅमेरे जाऊन मिररलेस आले तेव्हा सरांचा सगळा अभ्यास पुन्हा पहिल्यापासून सुरू झाला. आम्हाला मधल्या सुट्टीत फळ्यावर चित्र काढून समजावलं. जुन्या कॅमेऱ्यात लेन्सच्या मागे आरसा असायचा, आता तो काढून टाकला. लेन्स काढली की कॅमेऱ्याचं पोट उघडंच. "आपल्या इकडे कोळशाची धूळ, धानाच्या भुशाची धूळ, रस्त्याची धूळ. उघड्यावर लेन्स बदलवाची नाई. थेट पोटात जाते." हेडमास्तरांनी तेवढ्यात घंटा द्यायला सांगितली. त्यांचा सरांवर राग होता, आणि तो खोटा नव्हता. शाळेला कॅमेऱ्यासाठी अनुदान आलं होतं, निवड सरांवर सोपवली होती, आणि सर 'थांबा, थांबा' करत राहिले ते मार्च एंडिंगपर्यंत. अनुदान परत गेलं. त्या वर्षीच्या स्नेहसंमेलनाचे फोटो शिपायाच्या मोबाइलवर काढले आणि निम्म्या फोटोंत त्याचा अंगठा आहे.

आता तुम्ही म्हणाल, या माणसाला काढायचं तरी काय होतं? मीही सरांना हाच प्रश्न विचारला होता. त्यांनी सांगितलं, "गिधाड."

वर्गात निसर्गातल्या सफाई करणाऱ्या पक्ष्यांचा धडा होता. एका पोरीने विचारलं, "सर, गिधाड केवढं रायते?" सरांनी दोन्ही हात पसरले. ते पुरेनात. मग एका पोराला शेजारी उभं करून त्यालाही हात पसरायला लावले. पोरं हसली, त्यांना ते खरंच वाटेना. सर स्टाफरूममध्ये आले, हातावरचा खडू झटकला. मग म्हणाले, "मॅडम, आमचा आजा गावातली मेलेली ढोरं ओढून न्याचा. झाडावर गिधाडं बसून राहत, त्याची वाट पाहत. धम्म घेतला आन् आज्यानं ते काम सोडलं. चांगलंच केलं. पन माहा बाप म्हने, त्याच्यानंतर बी गिधाडं किती दिवस आमच्याच घरावरून फिरत." नंतर जनावरांना दिलेल्या दुखण्याच्या औषधाने, त्यांचं मांस खाऊन, गिधाडंच मेली, त्यांच्या गावाकडच्या उंच झाडांवर एखाद-दुसरं उरलं. ते त्यांना काढायचं होतं. त्यासाठी लांबची लेन्स हवी होती, दीडशे-सहाशे एमएमची. ती ते किती वर्षं जपासारखी म्हणत होते. मग मिररलेस आले आणि आकडे, नावं सगळीच बदलली.

हे सगळं गमतीचं वाटतं ना? मलाही वाटायचं, सिस्टरना पाहिलं नव्हतं तोवर. त्या घरात प्रत्येक गोष्ट एका वाक्यावर अडलेली होती. मार्कंड्याला दगडातलं कोरीवकाम पाहायला जायचं? कॅमेरा आला की जाऊ. सिरोंच्याला, नद्या मिळतात तिथे? कॅमेरा आला की जाऊ. गावाकडे गिधाडं पाहायला? त्याला तर कॅमेरा हवाच. असं करता करता पोरगा शिकून पुण्याला गेला, सिस्टरचे गुडघे गावं फिरून फिरून झिजले आणि दोघं कुठेच गेली नाहीत. एकदा बाजारात भाजी घेताना सिस्टर मला म्हणाल्या, "मॅडम, मले फोटोचं काई नाई. मले फक्त एक डाव एसटीत खिडकीजवळ बसून यांच्यासंगं कुठी तरी जाचं आहे. लसीचा डबा मांडीवर नसताना." त्या हसत होत्या, पण मला फार वाईट वाटलं. सरांचा इतका राग आला की दुसऱ्या दिवशी मी त्यांच्याशी बोललेच नाही.

सर निवृत्त झाले. शाळेत दुपारी निरोप समारंभ होता. भाषणं झाली, शाल झाली, हेडमास्तरही मोठ्या मनाने चांगलं बोलले. आणि शेवटी सिस्टर उठून पुढे आल्या, हातात दोन खोकी. कुणालाच माहीत नव्हतं. नागपूरला ट्रेनिंगला गेल्या तेव्हा तिथल्या दुकानातून त्यांनी कॅमेरा आणला होता. सर सध्या ज्याचं नाव घेत होते तोच, बिनआरशाचा. दुकानदाराने विचारलं, नुसती बॉडी, बिनलेन्सची, कशी नेता, बाई? तर म्हणाल्या, "लेन्स हाय ना आमच्याकडे!" लेन्स त्यांनी आधीच बदली होऊन जाणाऱ्या एका डॉक्टरांकडून घेऊन ठेवली होती. दीडशे-सहाशे. करीमभाईंना मुद्दाम विचारलं नव्हतं, कारण त्यांच्या पोटात बातमी राहिली नसती. आणि एवढंच नाही, साठवलेली सगळी रजा टाकून त्या मोकळ्या झाल्या होत्या. कॅमेरा आला, आता जायचं!

पोरांनी टाळ्यांनी छत डोक्यावर घेतलं. "लावा सर! लावून दाखवा!"

सरांनी लेन्स उलटी केली. मागची कडी पाहिली. मग कॅमेरा पाहिला. पुन्हा कडी पाहिली. मी शेजारीच बसले होते आणि त्या खुर्चीच्या दांडीतून तेवढं तरी माझ्यात उतरलेलं होतं. लेन्स आरशाच्या कॅमेऱ्याची होती. या बॉडीला ती बसणारच नव्हती.

सिस्टरनी ऐकलं होतं हो सगळं! जेवताना, भांडी घासताना, दमून पाय दाबत बसलेल्या असताना, त्या माणसाची ती न संपणारी बडबड त्यांनी वर्षानुवर्षं ऐकली होती आणि लक्षात ठेवली होती. फक्त बॉडी यंदाच्या बोलण्यातली घेतली आणि लेन्स कितीतरी वर्षांपूर्वीच्या.

सभागृहात सगळे वाट पाहत होते. सिस्टर तर लहान मुलीसारख्या पाहत होत्या.

सरांनी बोट वर केलं. "थांबा."

असा हशा पिकला! हेडमास्तर डोळे पुसत हसले. सर म्हणाले, "इथी खडूची धूळ आहे, रांगोळी आहे. मिररलेसचं पोट उघडं असते. सांगितलं होतं ना?"

"घ्या!" सिस्टर म्हणाल्या. "आता कॅमेरा आला तरी थांबाच!" हसत म्हणाल्या, पण चेहरा उतरला होता.

सर त्यांच्याकडे वळले. "मस्त आहे, सिस्टर. हीच पाह्यजे होती. दीडशे-सहाशे तुमाले कसं आठवलं?"

"तुमी रोज सांगत होते. मी काय बहिरी आहो?"

सरांनी लेन्स खोक्यात ठेवली. झाकण लावायला त्यांना वेळ लागला. निघताना माझ्याजवळ येऊन हळूच म्हणाले, "मॅडम, बोलजा नका." मी म्हटलं, "मी कशाला बोलू?" मला स्वतःलाच रडू येत होतं.

त्या लेन्सला या बॉडीवर बसवायला मधे एक कडं लागतं, अ‍ॅडॅप्टर म्हणतात त्याला. सरांना चंद्रपूरला जाता येईना, कारण सिस्टर रजेवर, म्हणाल्या असत्या मीही येते. म्हणून मी गेले. करीमभाईंनी सगळं ऐकून घेतलं. बराच वेळ काउंटर पुसत राहिले. मग म्हणाले, "बाईनं तं पुरी की पुरी बात याद रखी, मॅडम. आमी दुकानदार असून इतकं ऐकत नाई." त्यांच्याकडे ते कडं नव्हतं, बाहेरून मागवावं लागणार होतं.

ते येईपर्यंत सरांनी काय काय कारणं दिली! आज ऊन फार आहे. आज ढग आहे. आज बॅटरीचं पाणी मुरू द्या. बॅटरीला कसलं पाणी? पण नर्सबाईंना ते खरं वाटलं. रोज सकाळी सिस्टर थर्मासमध्ये चहा भरून तयार व्हायच्या आणि दुपारी तोच चहा घरी बसून प्यायच्या. रजा एकेक दिवसाने सरत होती. शेवटी त्यांचा बांध फुटला. माझ्याकडे आल्या, ओसरीवर बसल्या आणि म्हणाल्या, "मॅडम, आमच्यात मुहूर्त नसते तरी हा मानूस मुहूर्त पाहून राह्यला. मी थकली आता. तो कॅमेरा बहाना होता, त्याले माह्यासंगं जाचंच नाई कुठी." मी खरं सांगून टाकणार होते. जीभ अगदी टोकावर आली होती. पण सरांना शब्द दिला होता, म्हणून नुसता सिस्टरच्या हातावर हात ठेवला. त्या दिवशी मला त्या दोघांचाही आणि कॅमेरा शोधून काढणाऱ्याचाही राग आला.

दोनच दिवसांनी करीमभाईंनी ते कडं एसटीच्या कंडक्टरच्या हाती पाठवलं. मी बसस्टँडवरून तशीच सरांच्या घरी गेले. सरांनी डबी उघडली, ते काळं कडं बोटावर फिरवलं आणि आतल्या खोलीकडे पाहून हाक मारली, "सिस्टर, या! लेन्सची बांगडी आली!"

"काय आली?"

"बांगडी. येवढी मोठी लेन्स, तिले बांगडी नको? तिच्याबिगर शोभत नाई. तिचीच वाट पाहून राह्यलो होतो."

"मंग आधी काऊन नाई सांगितलं? मीच आनली असती ना!" सिस्टर ओरडल्या. मग त्यांनी ते कडं हातात घेऊन उलटसुलट पाहिलं आणि इतक्या दिवसांत पहिल्यांदा मोकळं हसल्या. "बाप्पा! लेन्सचे बी नखरे असतात."

दुसऱ्या दिवशी दोघं गावाकडे गेली. रजा उरली होती तेवढी. धानशेताच्या रिकाम्या बांधीत चटई टाकून बसली, सलाईनवाला ट्रायपॉड उभा केला. खूप वेळाने एक गिधाड आलं, पण फार वर. सरांनी मला फोटो दाखवला, निळ्या आभाळात एक काळा ठिपका. "हे पाहा पंख," म्हणाले. मला पंख दिसले नाहीत. पण ते म्हणाले, "आहे, मॅडम. अजून आहे." त्यानंतर मात्र या माणसाला कुणी थांबवू शकलं नाही. सिस्टरची रविवारची सुट्टी आली की दोघं एसटीत. मार्कंडा झालं, सिरोंचा झालं. सिस्टर खिडकीजवळ आणि लेन्सची बॅग सरांच्या मांडीवर.

वर्षभर चाललं हे. मग उन्हाळ्यात सरांच्या छातीत दुखलं आणि गडचिरोलीला नेईपर्यंत सगळं आटोपलं. मला अजून कधीकधी फार राग येतो. इतकी वर्षं थांबायचं आणि फिरायचं ते एकच वर्ष?

भाच्याला मी शेवटी सिस्टरकडे घेऊन गेले. त्यांच्याकडे सरांचा कॅमेरा आहे, हातात धरून पाहील म्हणून. सिस्टरनी त्याला बसवलं, पाणी दिलं आणि विचारलं, "काढणार काय?"

"वाघ," आमचे चिरंजीव म्हणाले.

सिस्टर हसल्या. त्यांनी खोकं उघडून लेन्स दाखवली, आणि त्या काळ्या कड्यावर बोट ठेवून म्हणाल्या, "कोनताही घेजो, बापू. पन बांगडी घेतल्याबिगर येजो नको. तिच्याबिगर लेन्स शोभत नाई. आमच्या सरनं तिच्यासाठी कितीक दिवस वाट पाहिली."

भाच्याने माझ्याकडे पाहिलं. त्याला इंटरनेटवरून सगळं पाठ होतं, नव्या लेन्सला कडं लागत नाही हे तो बोलणारच होता. मी डोळे वटारले. नंतर कळलं, सिस्टरनी पाठवलेले आणखीही काही जण करीमभाईंकडे जाऊन बांगडी मागतात. करीमभाई त्यांना 'नाही' म्हणत नाहीत. तुमच्या लेन्समध्ये आतूनच लावून येते, असं सांगतात.

सरांना मी शेवटचं पाहिलं ते एसटीतून. मी मूलहून परत येत होते. हरणघाटचा पूल ओलांडून थोडं पुढे आलो आणि रस्त्यात म्हशी आडव्या आल्या, बस उभी राहिली. डावीकडे कापणी झालेल्या बांध्या होत्या. सर ट्रायपॉडमागे वाकलेले, आणि सिस्टर समोर, लांब. त्या लेन्सने जवळच्या माणसाचा फोटो निघतच नाही. बायकोचा काढायचा तर तिला दूर पाठवावं लागतं. सर हात हलवून ओरडत होते, "अजून मागं! अजून मागं सरका!" आणि सिस्टर ते दुखरे गुडघे घेऊन, पदर खोचून, शेताच्या अरुंद धुऱ्यावरून एकेक पाऊल मागे जात होत्या. बसमधले लोक पाहून हसायला लागले. मीही हसले. सिस्टर इतक्या लांब गेल्या की त्यांचा चेहराही मला ओळखू येईना. म्हशी बाजूला झाल्या, ड्रायव्हरने गाडी सुरू केली, आणि तेवढ्यात सरांनी बोट वर केलं.

"थांबा!" ते ओरडले.

आणि सिस्टर थांबल्या.